असाइनमेंट अपलोड केली, पण सबमिट झाली का?

सेमिस्टर संपत आलं की माझ्या फोनवर ज्युनिअर पोरापोरींचे तेच तेच मेसेज सुरू होतात. ताई फाईल चढतच नाहीये, ताई मी टाकली होती पण मॅडम म्हणतात दिसत नाही, ताई लिंक बंद झाली आता काय करू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं, आणि लिहायचंच तर अगदी कागदावर पेन टेकवण्यापासून लिहावं, कारण निम्मे घोटाळे अपलोडच्या आधीच झालेले असतात.

मी तालुक्याच्या कॉलेजातून बीए केलंय, आता एमए करतेय. एफवायला माझी एक अख्खी असाइनमेंट अशीच गेली. चौदा पानं हाताने लिहिली होती, स्कॅन करून मूडलवर, म्हणजे कॉलेज ज्या साइटवर असाइनमेंट घेतं तिथे, चढवली, 'सेव्ह चेंजेस' दाबलं, फाईलचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी झोपले. त्याच पानावर खाली 'सबमिट असाइनमेंट' असं अजून एक बटण होतं आणि ते दाबल्याशिवाय काम पूर्ण होत नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या नावापुढे ड्राफ्ट असं राहिलं, सरांनी फक्त जमा झालेल्या तपासल्या आणि माझे इंटर्नलचे दहा मार्क गेले. चौदा पानांची मेहनत आणि एका बटणावरून शून्य, हे मला अजून टोचतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आपल्याकडच्या कॉलेजात मुख्यतः दोनच गोष्टी दिसतात, मूडल नाहीतर गूगल क्लासरूम. क्लासरूम २०१४ मध्ये आलं, मूडल त्याच्याही आधीचं, २००२ चं, ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी बनवलेलं. मूडल फुकट आणि ओपन सोर्स आहे त्यामुळे प्रत्येक कॉलेज ते आपल्या सर्व्हरवर टाकून आपल्या पद्धतीने बसवतं, म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या कॉलेजातलं मूडल आणि तुमचं मूडल दिसायला आणि वागायला वेगळं असू शकतं. तिच्याकडे सेव्ह केलं की लगेच जमा होतं आणि तुमच्याकडे होत नाही, असं घडतं, कारण ती सेटिंग शिकवणारे सर-मॅडम ठरवतात. त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून करू नका, तुमच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा.

आणि वाचायला सुरुवात लिहायच्या आधी करा. असाइनमेंटचं पान उघडून चार गोष्टी वहीत टिपून घ्या: शेवटची तारीख आणि वेळ, फाईल कुठल्या प्रकारची हवी, जास्तीत जास्त किती एमबी चालेल, आणि किती फाईली टाकता येतात. मूडलमध्ये साइज आणि फाईलींची संख्या अपलोडच्या चौकटीपाशीच लिहिलेली असते. वेळेच्या बाबतीत एक फसवणारी गोष्ट आहे. शुक्रवार १२:०० एएम असं लिहिलं असेल तर ते शुक्रवारी रात्रीचे बारा नाहीत, गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागतो ते बारा. म्हणजे गुरुवारी रात्रीच तुमची मुदत संपली. मूडलमध्ये ड्यू डेट वेगळी आणि कट ऑफ डेट वेगळी असते, ड्यू डेटनंतर कट ऑफपर्यंत फाईल घेतली जाते पण त्यावर लेट असा शिक्का बसतो, आणि कट ऑफ उलटली की दार बंद. उशिराचे मार्क कापणार का हे सरांना आधीच विचारून घ्या, विचारण्यात कमीपणा काही नाही.

आता लिहिणं. बऱ्याच विषयांना अजून हस्तलिखितच मागतात. निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहा, फिकट जेल पेन आणि पेन्सिल स्कॅनमध्ये उडून जातात, आकृती पेन्सिलने काढायची असली तर गडद काढा. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं बरं. पातळ फुलस्केपवर दोन्हीकडे लिहिलं तर मागची अक्षरं पुढे उमटतात आणि मॅडमना वाचताना त्रास होतो. आधीच पाठपोट लिहून झालं असेल तर स्कॅन करताना कागदाखाली काळा कागद किंवा गडद रंगाचं फाईलचं पुठ्ठं ठेवा, मागची शाई बरीच कमी दिसते. डावीकडे समास आपण सोडतोच पण उजवीकडेही बोटभर जागा सोडा, स्कॅनचं ॲप कडा कापतं तेव्हा ओळीतलं शेवटचं अक्षर जातं. आणि प्रत्येक पानावर वर रोल नंबर आणि पान नंबर टाका, प्रत्येक, फक्त पहिल्या नाही. पानं उलटसुलट झाली तरी तपासणाऱ्याला क्रम कळतो.

स्कॅन करताना सगळ्यात महत्त्वाचा उजेड. रात्री ट्यूबलाइटखाली काढलं की तुमच्याच हाताची आणि फोनची सावली पानावर पडते. सकाळी खिडकीपाशी नाहीतर ओसरीवर, ऊन थेट पडणार नाही अशा जागी कागद सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा, तिरका नाही. आणि कॅमेऱ्याने साधे फोटो काढू नका, स्कॅन करा. मोठी भावंडं अजून कॅमस्कॅनर घे म्हणून सांगतात पण ते जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲप बंद केली त्यात गेलं. आता त्याची गरजही नाही. ॲण्ड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्ह बहुतेक वेळा आधीपासूनच असतं, त्यातच स्कॅनचा पर्याय आहे, नाहीतर अडोबी स्कॅन फुकट मिळतं, आयफोनवर नोट्समध्येच स्कॅन होतं. एक पान झालं की त्याच स्कॅनमध्ये पुढचं पान जोडत जायचं, म्हणजे शेवटी सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ तयार होते. चौदा पानांच्या चौदा वेगळ्या फाईली देऊ नका, मूडलवर अनेकदा एकच फाईल टाकायची परवानगी असते, आणि नसली तरी तपासणाऱ्या माणसाचा विचार करा, साठ मुलांच्या चौदा चौदा फाईली कोण उघडणार.

आयफोनवाल्यांनी साधे फोटो काढून टाकले तर ते एचईआयसी नावाच्या प्रकारात सेव्ह होतात आणि बऱ्याच ठिकाणी सिस्टीम ते घेतच नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅटमध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करा, किंवा स्कॅनच करा, प्रश्नच मिटतो.

साइजचं गणित साधं आहे. फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा, चौदा पानांचे झाले पन्नासच्या आसपास, आणि मर्यादा असते पाच नाहीतर दहा एमबी. म्हणून फाईल चढत नाही, नेटचा दोष नसतो. स्कॅन ॲपमध्ये रंगीत ऐवजी ब्लॅक अँड व्हाइट किंवा ग्रेस्केल फिल्टर लावला की साइज एकदम खाली येते आणि अक्षरही उठून दिसतं. तरी मोठी राहिली तर आयलवपीडीएफसारख्या साइटवर कॉम्प्रेस करता येते. कॉम्प्रेस झाल्यावर फाईल उघडून झूम करून बघा, फार दाबली तर अक्षरं धुरकट होतात आणि वाचता न येणाऱ्या पानाला मार्क कोण देणार. घरात एकाच्या फोनवर स्कॅन आणि दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन असं असतं, तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याची क्वालिटी कमी करतं.

टाइप करून द्यायची असेल तर मराठी विषयवाल्यांनी इकडे नीट लक्ष द्या. बाजारातल्या डीटीपीवाल्याकडे टाइप करायला दिलं तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये करून देऊ शकतो. त्याच्या कम्प्युटरवर ते छान मराठी दिसतं आणि मॅडमच्या कम्प्युटरवर तो फॉण्ट नसला की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा तीस पानांचा प्रकल्प असा परत आला होता, पैसे देऊन टाइप केलेला. म्हणून सांगताना स्पष्ट सांगा, युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, करून द्या. पीडीएफ करून घेतली तर दिसायला अडचण येत नाही पण आतला मजकूर तरी खिचडीच राहतो, कॉपी करून बघा म्हणजे कळेल, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर त्याचं काहीच वाचू शकत नाही. खरं तर पैसे घालवायची गरज नाही. फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी घ्या, माइक दाबा आणि गूगल डॉक्समध्ये बोलत जा, बऱ्यापैकी बरोबर उमटतं. नंतर मात्र शांत बसून वाचून काढावं लागतं, पूर्णविराम राहतात, न आणि ण, की आणि कि यांची गडबड होते, इंग्रजी शब्द वेगळेच येतात. तेवढा तास द्या त्याला. झालं की डॉक्समधून डाउनलोड करताना पीडीएफ निवडा.

डॉक्सची नुसती लिंक देणार असाल तर शेअरमध्ये जाऊन 'एनीवन विथ द लिंक' केलंय का बघा. नाहीतर मॅडम लिंक उघडतात, त्यांना परवानगी मागा असं पान येतं, आणि तुमची परवानगी येईपर्यंत त्या पुढच्या मुलाकडे गेलेल्या असतात. माझं मत विचाराल तर लिंक देऊच नका, फाईल द्या.

फाईलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरी नाव काही सिस्टीममध्ये बिघडतं. आडनाव, रोल नंबर, विषय, असाइनमेंट नंबर, मधे स्पेसऐवजी अंडरस्कोर. 'स्कॅन००१' नावाच्या फाईली वर्गात वीस जणांच्या असतात, डाउनलोड झाल्यावर कोणती कोणाची ते सरांना कसं कळणार.

आता अपलोड. आधी गूगल क्लासरूम. पहिलं, कॉलेजने दिलेल्या मेल आयडीनेच आत गेलाय ना बघा, फोनवर दोन-तीन अकाउंट असतात आणि चुकीच्यात असलात तर वर्गच दिसत नाही, मग मुलं घाबरतात की मला काढून टाकलं. क्लासवर्कमध्ये जा, असाइनमेंट उघडा, 'युवर वर्क' अशी चौकट असते, फोनवर ती खाली असते आणि बोटाने वर ओढावी लागते. तिथे ॲड अटॅचमेंट, फाईल निवडा, पूर्ण चढेपर्यंत थांबा, मग 'टर्न इन', काहींकडे ते 'हँड इन' असं दिसतं, आणि परत एकदा विचारतं तेव्हा परत हो म्हणा. फाईल जोडली नसेल तेव्हा त्याच जागी 'मार्क ॲज डन' असं बटण असतं. ते दाबलं की काम झाल्याची खूण होते पण आत काहीच नसतं! कित्येक मुलं हेच करतात आणि म्हणतात मी तर दिली होती. फाईल जोडल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

दिल्यावर चूक लक्षात आली तर 'अनसबमिट' करून बदलता येतं, पण मग पुन्हा टर्न इन करावंच लागतं, आपोआप होत नाही, आणि मुदत उलटून गेल्यावर अनसबमिट केलंत तर वेळेत दिलेली असाइनमेंट सुद्धा लेट होते. शेवटच्या पाच मिनिटांत एका शुद्धलेखनाच्या चुकीसाठी अनसबमिट करू नका, कृपा करून. आणि सरांना काही विचारायचं असेल तर 'प्रायव्हेट कमेंट'मध्ये लिहा, क्लास कमेंट सगळ्या वर्गाला दिसते. घरच्या अडचणी, आजारपण असं तिथे चुकून लिहिलं गेलं की मुलांना फार ओशाळं होतं.

मूडलवर लॉगिन करून डॅशबोर्ड, तिथून तुमचा विषय, मग असाइनमेंट, 'ॲड सबमिशन'. कम्प्युटरवर फाईल ओढून चौकटीत टाकता येते, फोनवर फाईलच्या चिन्हावर दाबून 'अपलोड अ फाईल', फाईल निवडा आणि मग 'अपलोड धिस फाईल'. फाईलचं छोटं चित्र चौकटीत दिसलं पाहिजे, ते दिसायच्या आत पुढे जाऊ नका. मग सेव्ह चेंजेस. आता थांबा आणि पान वरखाली करून बघा. सबमिशन स्टेटस अशी एक ओळ असते. तिथे 'सबमिटेड फॉर ग्रेडिंग' लिहिलं असेल तर झालं. 'ड्राफ्ट' लिहिलं असेल तर काम अर्धंच झालंय, सबमिट असाइनमेंटचं बटण शोधा, हे काम माझं स्वतःचं आहे अशी चौकट आली तर टिक करा, कंटिन्यू दाबा, आणि स्टेटस बदलला का ते परत बघा. हे बटण एकदा दाबलं की तुम्हाला फाईल बदलता येत नाही, बदलायची असली तर सरांना सांगून परत ड्राफ्टमध्ये टाकून घ्यावी लागते, म्हणून दाबायच्या आधी फाईल एकदा उघडून सगळी पानं सरकवा. मैत्रिणीची फाईल तुमच्या नावावर किंवा इतिहासाची भूगोलात, असं खरंच होतं.

काही सर फाईल न मागता तिथल्याच चौकटीत उत्तर टाइप करायला सांगतात. त्या चौकटीत थेट तासभर टाइप करत बसू नका, तेवढ्या वेळात लॉगिन संपून जाऊ शकतं आणि सेव्ह करताना सगळं उडतं. आधी डॉक्समध्ये किंवा नोट्समध्ये लिहा, मग पेस्ट करा.

झालं की स्टेटस, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि एका फोल्डरमध्ये ठेवा. हा स्क्रीनशॉट म्हणजे तुमची पोचपावती.

कॉपीचं पण बोलायला हवं. मैत्रिणीच्या फाईलवर फक्त नाव बदलून देणं, विकिपीडिया तसाच उतरवणं, हे आता पकडलं जातं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले, त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि पुढे १० ते ४०, ४० ते ६०, ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. ते आकडे मुख्यतः प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत, तुमच्या असाइनमेंटला कॉलेज काय लावतं ते विचारून घ्या. आणि टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरने आकडा दाखवला म्हणजे लगेच चोरी सिद्ध झाली असं नसतं. कवितेच्या ओळी अवतरणात दिल्या, संदर्भसूची जोडली तरी साम्य दिसतं, माणूस तो रिपोर्ट बघून ठरवतो. मी स्वतः असं करते, पुस्तकातला भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, पाणी पिऊन यायचं आणि मग आठवेल तसं आपल्या भाषेत लिहायचं. आपली वाक्यं साधी असतात, असू देत. एआयचं तेच, चालेल की नाही हे प्रत्येक मॅडमचं वेगळं असतं, आधी विचारा, आणि वापरलं असेल तर तसं लिहा. मात्र एआयने दिलेली पुस्तकांची नावं कधीच तशीच टाकू नका, त्यातली काही अस्तित्वातच नसतात.

शेवटच्या रात्रीचं सांगते. अकरा वाजता सगळा वर्ग एकदम आत येतो, सर्व्हर हळू होतो, त्यात आमच्या गावासारखी लाइट गेली की टॉवरची रेंजही जाते. जमलं तर सकाळी सहाला करा, नेट मोकळं असतं. घरी जमतच नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीत किंवा कम्प्युटर लॅबमध्ये आदल्या दिवशी बसून करा, लॅबमधले दादा मदत करतात. ऐनवेळी अडलंच तर ॲपऐवजी क्रोममधून उघडून बघा, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, शेजारच्याच्या हॉटस्पॉटवर बघा. तरी नाही झालं तर एररचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि मुदत संपायच्या आत सरांना मेल करा, पीडीएफ जोडून. मुदतीआधीचा मेल आणि दुसऱ्या दिवशीचा मेल यात खूप फरक पडतो, आधीच्या मेलवर विश्वास ठेवायला सरांना आधार मिळतो. मेल लांबवू नका, एवढं पुरे:

आदरणीय मॅडम, मी एसवायबीएची विद्यार्थिनी, रोल नंबर अमुक. अर्थशास्त्राची दुसरी असाइनमेंट मूडलवर अपलोड करताना रात्री १०:४० पासून एरर येत आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. असाइनमेंटची पीडीएफ सोबत पाठवत आहे. सिस्टीम सुरू झाली की तिथेही लगेच अपलोड करते.

खाली पूर्ण नाव आणि वर्ग. आणि दुसऱ्या दिवशी सिस्टीमवर खरंच टाका, मेल पाठवला म्हणून सोडून देऊ नका, मार्क सिस्टीममधूनच जातात.

दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी परत एकदा आत जाऊन बघा. कधी कधी सरांनी कमेंट लिहून परत केलेली असते, दुरुस्त करून द्या म्हणून, आणि मुलं बघतच नाहीत. मार्क दिसत नसतील, बाकीच्यांचे दिसत असतील, तर लगेच विचारा, इंटर्नलचे मार्क विद्यापीठाकडे गेल्यावर बदलणं फार अवघड होतं. तेव्हा तो स्क्रीनशॉट कामाला येतो. आणि हाताने लिहिलेली मूळ पानं निकाल लागेपर्यंत फाईलला लावून ठेवा, रद्दीत घालू नका, ऑनलाइन घेतल्यावर सुद्धा हार्ड कॉपी आणा असं ऐनवेळी सांगणारे बरेच असतात.